बॅटरी किती वर्षं टिकेल? किलोमीटरपेक्षा उन्हाकडे बघा

इलेक्ट्रिक बाइक किंवा स्कूटर घ्यायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न रेंजचा असतो आणि दुसरा हमखास बॅटरीचा. शोरूममधून उत्तर बहुधा सायकलमध्ये, म्हणजे पूर्ण चार्जच्या फेऱ्यांमध्ये मिळतं: ‘हजार सायकल आरामात’. आकडा साधारण बरोबरच असतो, पण रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाला त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्याची बॅटरी सायकल संपल्यामुळे म्हातारी होतच नाही.

आधी हिशेब करू. ३ किलोवॉट-तासांचा पॅक, म्हणजे अनेक सेल जोडून बनलेली गाडीची पूर्ण बॅटरी धरा. शहरात चालवताना दर किलोमीटरला साधारण ३० ते ३५ वॉट-तास लागतात, म्हणजे एका पूर्ण चार्जमध्ये सुमारे ८५ ते १०० किलोमीटर. सायकल म्हणजे प्लग लावण्याची वेळ नव्हे. पॅकच्या पूर्ण क्षमतेइतकी वीज वापरून झाली की एक सायकल होते, त्यामुळे ५० टक्क्यांचं चार्जिंग दोनदा केलं तरी सायकल एकच. रोज ३० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस चालवलं तर ९,००० किलोमीटर होतात, म्हणजे वर्षाला सुमारे १०० सायकल. बहुतेक दुचाकींमध्ये असणारे एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेल ८०० ते १,५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमतेवर येतात. सायकलच्या हिशेबाने अशा माणसाची बॅटरी निदान आठ ते दहा वर्षं ८० टक्क्यांच्या वर राहायला हवी.

तरीही त्याच मॉडेलची एक गाडी चौथ्या वर्षी ९० टक्क्यांवर असते आणि दुसरी ७५ वर आलेली असते. हा फरक पडतो तो गाडी उभी असतानाच्या वेळेमुळे. दिवसाचे २२-२३ तास गाडी उभीच असते आणि लिथियम-आयन सेल उभ्या उभ्याही झिजतो. सेलच्या आत ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर एक पातळ थर असतो. तो पहिल्या काही चार्जिंगमध्ये तयार होतो आणि त्याच्याशिवाय सेल चालूच शकत नाही. पण तो आयुष्यभर सावकाश वाढत राहतो आणि वाढताना कामाचं लिथियम कायमचं अडकवून टाकतो. या वाढीला वेग देणाऱ्या दोन मुख्य गोष्टी आहेत: तापमान आणि भरलेला चार्ज. ढोबळ नियम असा, की दर १० अंश सेल्सिअसला या रासायनिक क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो. त्यात सेल ४.२ व्होल्टला, म्हणजे १०० टक्क्यांवर बसून असेल तर झीज ५० टक्क्यांवरच्या सेलपेक्षा स्पष्टपणे जास्त होते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, की बॅटरीचे सर्वांत वाईट दिवस सुरू होतात.

आता हे आपल्याकडे लावून बघा. नागपूर, अकोला, चंद्रपूर इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीचा पॅक दुपारी हवेपेक्षाही गरम असतो, आणि तो गार व्हायला रात्रीचे कित्येक तास लागतात, कारण वीस-बावीस किलोंचा तो ठोकळा आहे. रात्रभर प्लगला लावून सकाळी १०० टक्के भरलेली गाडी पाच किलोमीटरवरच्या ऑफिसात नेऊन दिवसभर उन्हात ठेवली, तर ती ९५ टक्के चार्ज आणि ५० अंश अशा अवस्थेत संध्याकाळपर्यंत बसते. वर्षाला ४,००० किलोमीटरच चालणारी अशी गाडी, पुण्या-नाशिकच्या हवेत सावलीत राहून १०,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या आधी थकू शकते. जुनी गाडी बघताना ओडोमीटरपेक्षा ती कुठल्या गावात आणि कुठे उभी राहिली, हे विचारणं जास्त मोलाचं आहे ते यामुळे.

उपाय साधे आहेत. रोजचा प्रवास २५-३० किलोमीटर असेल तर रोज १०० टक्के भरायची गरजच नाही, ८० पुरतात. गाडीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंगची मर्यादा लावता येत असेल तर ती लावून ठेवा. सोय नसेल तर हिशेबाने प्लग लावा. घरचा पोर्टेबल चार्जर साधारण ७५० वॉटचा असतो, म्हणजे ३ किलोवॉट-तासांच्या पॅकला ४० वरून ८० टक्क्यांवर न्यायला पावणेदोन ते दोन तास पुरेसे आहेत. संध्याकाळी आल्या आल्या प्लग लावायची सवय मात्र मोडा. प्रवासाने पॅक आधीच तापलेला असतो, आणि सेल बनवणारे चार्जिंगसाठी बहुधा ० ते ४५ अंशांचीच मर्यादा देतात. निदान पाऊण तास थांबा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पहाटे चार ते सहा ही चार्जिंगची सर्वांत चांगली वेळ. गाडीत वेळ लावायची सोय नसेल तर १६ अँपिअरचा टायमर सॉकेट वापरता येतो, फक्त मूळ प्लगपॉइंट आणि अर्थिंग नीट असल्याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्या.

फास्ट चार्जिंगची भीती लोकांना गरजेपेक्षा जास्त असते. ७५० वॉटचा चार्जर ३ किलोवॉट-तासांच्या पॅकला चार तासांच्या वेगाने भरतो, हा वेग सेलसाठी अगदी सौम्य आहे. ३ किलोवॉटचा फास्ट चार्जर तासाभराच्या वेगाने भरतो, तोही बहुतेक सेलच्या मर्यादेत बसतो. आठवड्यातून एकदा वापरला तर काही बिघडत नाही. त्रास होतो तो दुपारी दोन वाजता, तापलेल्या गाडीला, ८० टक्क्यांच्या वर ढकलत नेताना. डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मुलांचं गणित मात्र वेगळं आहे. दिवसाला १२० किलोमीटर म्हणजे वर्षाला चारेकशे सायकल. त्यांची बॅटरी खरोखरच सायकलने संपते, दोन ते चार वर्षांत. त्यांनी मोठा पॅक किंवा जास्त सायकल टिकणारी एलएफपी (लोह-फॉस्फेट) बॅटरी बघावी, नाहीतर बॅटरी बदलून मिळणारी, म्हणजे स्वॅपची गाडी.

मोठा पॅक घेतल्याने रेंज वाढते हे सगळ्यांना कळतं, आयुष्य वाढतं हे कमी लोक लक्षात घेतात. एकाच गाडीचे ३ आणि ४ किलोवॉट-तासांचे दोन प्रकार असतील आणि मोटर दोन्हीत तीच ९ किलोवॉटची असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळल्यावर लहान पॅकमधून क्षमतेच्या तिप्पट वेगाने वीज खेचली जाते आणि मोठ्यातून सव्वादोन पट. शिवाय तेवढ्याच किलोमीटरला सायकलही चौथ्या हिश्श्याने कमी होतात. परवडत असेल तर मोठा पॅक घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सेलचे दोन मुख्य प्रकार रस्त्यावर आहेत. बहुतेक दुचाकींमध्ये एनएमसी असते: निकेल, मँगनीज, कोबाल्ट. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. वजनाला हलकी, म्हणून बाइकला सोयीची. दुसरी एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेट: सरासरी ३.२ व्होल्ट, भरल्यावर ३.६५. ओबेन रोरसारख्या मोटरसायकलमध्ये ती आहे. एलएफपी दोन-तीन हजार सायकल सहज करते आणि तापल्यावर पेट घेण्याची शक्यताही तिच्यात कमी असते, पण तेवढ्याच विजेला वजन आणि जागा जास्त लागते. एलएफपीवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिचा व्होल्टेज ९० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत जवळपास सपाट राहतो, त्यामुळे बीएमएसला, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या पॅकमधल्या सर्किटला, किती चार्ज उरलाय ते व्होल्टेजवरून ओळखता येत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा १०० टक्के भरावी, म्हणजे आकडा पुन्हा जागेवर येतो. ताशी २५ किलोमीटरच्या वेगमर्यादेच्या, विनानोंदणीच्या स्वस्त स्कूटरमध्ये अजूनही लेड-अ‍ॅसिड मिळते. ती ३००-४०० सायकलमध्ये, म्हणजे दीड-दोन वर्षांत संपते. ती घेऊच नये.

पॅकच्या आत काय असतं ते थोडं जवळून बघू, कारण बहुतेक बिघाड तिथेच कळतात. ५ अँपिअर-तासांचे २१७०० मापाचे सेल, म्हणजे २१ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर उंच, असे १२ सेल समांतर जोडले की ६० अँपिअर-तासांचा एक गट होतो. असे १४ गट एकापुढे एक जोडले की ५०.४ व्होल्टचा, १६८ सेलचा, जवळपास ३ किलोवॉट-तासांचा पॅक तयार होतो. पॅकची खरी क्षमता ही चौदांपैकी सर्वांत कमजोर गटाइतकीच असते. तेरा गट ठणठणीत असले तरी चौदावा तळाला पोहोचला, की बीएमएसला गाडी बंद करावीच लागते. म्हणूनच डॅशबोर्डवर २५ टक्के दिसत असताना चढावर गाडी अचानक मान टाकते. ‘बॅटरी गेली’ असं म्हणून आलेल्या कित्येक पॅकमध्ये एकच गट बसलेला असतो, बाकीचे ८५-९० टक्क्यांवर असतात.

गटांमधला हा फरक मिटवायचं काम बीएमएस करतो, पण फार सावकाश. जास्त भरलेल्या गटाची वीज तो छोट्या रेझिस्टरमधून जाळतो आणि हा प्रवाह बहुतेक बीएमएसमध्ये ५० ते १०० मिलिअँपिअर एवढाच असतो. ६० अँपिअर-तासांच्या गटात एक टक्क्याचा फरक म्हणजे ०.६ अँपिअर-तास. ६० मिलिअँपिअरने तो मिटायला दहा तास लागतात. आणि बऱ्याच गाड्यांमध्ये हे काम पॅक वरपर्यंत भरल्यावरच सुरू होतं. म्हणून रोज ८० टक्के आणि महिन्यातून एकदा १०० टक्के भरून रात्रभर प्लगला लावून ठेवायची, ही सवय एनएमसीला सर्वांत चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी लगेच गाडी चालवा, म्हणजे ती पूर्ण भरलेली पडून राहत नाही. घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी एवढं धरून चालावं, की १०० टक्के भरलेल्या गाडीला उतारावर रिजनचा ब्रेक (मोटर वीज परत बॅटरीत भरत वेग कमी करते तो) मिळत नाही किंवा फार कमी मिळतो.

क्षमता घसरण्याचा वेगही सारखा नसतो. पहिल्या वर्षी तीन-पाच टक्के पटकन जातात आणि लोक घाबरतात. पुढे घसरण मंदावते आणि कित्येक वर्षं सरळ रेषेत चालते. ७० टक्क्यांच्या आसपास मात्र वळण येतं. सेलच्या आतला विरोध, म्हणजे वीज वाहताना होणारा अडथळा, वाढलेला असतो, सेल लवकर तापतात आणि घसरण वेग घेते. ७० टक्क्यांवरचा पॅक संपलेला नसतो, पण त्याच्यावर लांबच्या प्रवासाचा भरवसा ठेवू नये.

पडून राहणं हा बॅटरीचा दुसरा शत्रू. गाडी बंद असली तरी बीएमएस, ट्रॅकर आणि मोबाइलशी बोलणारा भाग थोडी थोडी वीज घेतच असतात. १० टक्क्यांवर उभी करून माणूस दोन महिने गावी गेला तर पॅक तळाच्याही खाली जातो. सेल २.५ व्होल्टच्या बराच खाली आणि बराच काळ राहिला, की आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे साचतं. आतल्या आत शॉर्ट होतो तो असा. अशी गाडी कुणी ‘बाहेरून चार्ज देऊन उठवून देतो’ म्हणाला तर देऊ नका. महिना-दोन महिने बाहेर जायचं असेल तर ५० ते ६० टक्क्यांवर, सावलीत उभी करा. बॅटरी निघत असेल तर काढून घरात गार जागी ठेवा, आणि दर महिन्याला कुणाला तरी आकडा बघायला सांगा. गाडी अजिबात सुरू होत नसेल तर आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. अनेक मॉडेलमध्ये ती वेगळी असते, आणि ती बसली की मुख्य पॅक भरलेला असूनही डॅशबोर्ड अंधारात राहतो.

काढता येणाऱ्या बॅटरीत कनेक्टरच आधी जातो. रोज काढ-घाल करून पिना सैल होतात, सैल पिनेत विरोध वाढतो, ती तापते आणि भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडतं. महिन्यातून एकदा टॉर्च मारून बघा. पिना काळपट किंवा प्लास्टिक वितळल्यासारखं दिसलं तर कनेक्टर ताबडतोब बदलायला सांगा. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या दमट हवेने पिनांवर हिरवट थर चढतो, तिथे हे आणखी लवकर बघावं लागतं. पाण्याचं म्हणाल तर पॅकवर लिहिलेलं आयपी६७ हे मानांकन म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं, तीही नव्या पॅकची चाचणी. पाच वर्षं खड्डे खाल्लेल्या रबरी सीलची ती हमी नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जेट पॅकच्या जोडावर आणि चार्जिंग सॉकेटवर मारू देऊ नका. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली असेल तर चार्जर लावायचा नाही, सुरू करून बघायचीही नाही. इमारतीपासून दूर, उघड्यावर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला उचलून न्यायला सांगा.

बॅटरीची तब्येत घरी मोजता येते. प्लगमध्ये लावायचा युनिट मीटर घ्या, तो १६ अँपिअरचा असावा. गाडी १५ टक्क्यांपर्यंत चालवा, तासभर गार होऊ द्या, मग १०० टक्के होईपर्यंत भरा आणि किती युनिट गेले ते लिहून ठेवा. ३ किलोवॉट-तासांच्या नव्या पॅकला चार्जरमधली तूट धरून साधारण २.९ युनिट लागतात. तीन वर्षांनी त्याच ऋतूत, त्याच टक्क्यांपासून भरताना २.५ युनिट लागले तर क्षमता ८६ टक्के उरली. गाडी नवी असतानाच पहिला आकडा घेऊन ठेवणं इथे महत्त्वाचं, म्हणजे चार्जरची तूट हिशेबातून आपोआप निघून जाते. रेंजवरून अंदाज बांधू नका. टायरमधली हवा, थंडी, मागे बसणारा माणूस आणि वेग यांनी रेंज २०-२५ टक्के सहज हलते. अ‍ॅपमध्ये सेलचे व्होल्टेज दिसत असतील तर गाडी शांत उभी असताना सर्वांत वरच्या आणि खालच्या गटातला फरक बघा. एनएमसीत २०-३० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान. कमी चार्जवर चढ चढताना तोच फरक १५० च्या वर जात असेल तर एखादा गट थकतोय.

वॉरंटीच्या कागदात वर्षं आणि किलोमीटर यांपैकी जे आधी संपेल ते लागू असतं. चेतक आणि आयक्यूबसारख्या गाड्या मुळात ३ वर्षं किंवा ५०,००० किलोमीटरवर आल्या. पुढे ८ वर्षं किंवा ८०,००० किलोमीटरचे पर्याय आले. एथरच्या अशा एका योजनेत ७० टक्के क्षमतेची हमीही लिहून दिलेली आहे. हा क्षमतेचा आकडा शोधा. तो नसेल तर वॉरंटी फक्त बिघाडाची असते, घटलेल्या क्षमतेची नाही, आणि ६५ टक्क्यांवर आलेला पॅक ‘चालू आहे’ म्हणून परत येऊ शकतो. गाडी किती दिवस चार्ज न करता ठेवली तर हमी जाते आणि सर्व्हिस चुकवली तर काय, ही दोन कलमंही वाचा. नवा पॅक घ्यायचा तर किलोवॉट-तासाला २० हजार रुपयांच्या आसपास हिशेब धरावा लागतो, म्हणजे ३ किलोवॉट-तासांना साठ हजार. हा खर्च कागदावरच्या दोन ओळींवर ठरतो.

सेकंडहँड घेताना आरसीवरच्या नोंदणीपेक्षा पॅकवरची निर्मितीची तारीख बघा. २०२२ च्या उन्हाळ्यात गाड्यांना आगी लागल्यानंतर एआयएस-१५६ या बॅटरी-सुरक्षेच्या मानकाचे सुधारित नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यात बीएमएस, पॅकमधलं तापमान आणि बिघाडाची आधी सूचना यांच्या अटी कडक झाल्या. त्यामुळे एप्रिल २०२३ नंतर बनलेला पॅक असेल तर चांगलं. मालकाला गाडी २५ टक्क्यांवर आणायला सांगा आणि दोघं बसून एक चढ चढा. पुण्यात चांदणी चौकाचा चढ किंवा कात्रज घाट, ठाण्यात गायमुख. टक्केवारी पायऱ्या उतरल्यासारखी २५ वरून १२ वर आली, किंवा ताकद एकदम तुटली, तर गट कमजोर आहे. किंमत त्या हिशेबाने लावा किंवा सोडून द्या.

वॉरंटी संपल्यावर पॅक दुरुस्त करून देणारी दुकानं आता बहुतेक शहरांत आहेत. काम नीट झालं तर पैसे वाचतात. तिथे तीन गोष्टी विचारा. पहिली, बदलायच्या सेलची क्षमता आणि आतला विरोध मोजून बाकीच्या गटांशी जुळवणार का. जुन्या तेरा गटांत एकच नवाकोरा गट घातला तर पॅक कायम असंतुलित राहतो. दुसरी, सेल जोडणारी पट्टी शुद्ध निकेलची आहे की निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची. दोन्ही लोहचुंबकाला चिकटतात, त्यामुळे चुंबकाने कळत नाही. पट्टीवर कानशीने ओरखडा काढून ती मिठाच्या पाण्यात दिवसभर ठेवली, की पोलाद गंजतं, निकेल तसंच राहतं. पोलादाच्या पट्टीचा विरोध कितीतरी जास्त असतो, ती तापते. तिसरी, तापमानाचे सेन्सर मूळ जागी परत चिकटवले जातील का. वेळ वाचवायला ते लोंबकळते सोडले, तर बीएमएस सेलचं नव्हे, पॅकमधल्या हवेचं तापमान वाचत बसतो.

७० टक्क्यांखालचा पॅक सौरऊर्जेची वीज साठवायला आणखी काही वर्षं चालतो, फक्त ते काम त्यातल्या जाणकाराकडूनच करून घ्यावं. टाकूनच द्यायचा असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. तिथे तो हातोड्याने उघडला जातो, आणि अर्धवट भरलेला सेल फुटला की पेटतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. सर्व्हिस सेंटरला पॅक देताना त्याचा अनुक्रमांक लिहिलेली पावती मागून घ्या.